दारू सोडलेल्यांची सभा

संध्याकाळचे साडेसहा वाजले आहेत. शाळा केव्हाच सुटली आहे. तिसरीच्या वर्गातील फळ्यावर दुपारचे गुणाकार अजून तसेच आहेत आणि लहान मुलांच्या मापाने केलेल्या बुटक्या बाकांवर गुडघे आखडून पंधरावीस मोठी माणसे बसलेली आहेत. त्यांत एक रिक्षाचालक आहे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, एक तरुण अभियंता आहे; कोपऱ्यात पदर घट्ट लपेटून बसलेल्या एक मध्यमवयीन बाई आहेत. टेबलाशी बसलेला इसम घड्याळाकडे पाहतो, आपले नाव सांगतो, आडनाव मात्र सांगत नाही, आणि म्हणतो, "मी मद्यपाशी आहे." सारे जण त्याचे नाव घेऊन त्याचे स्वागत करतात. कोणी दचकत नाही, कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. सभेला सुरुवात झालेली असते.

वाचकहो, भारतातील मोठ्या शहरांत आणि पुष्कळशा लहान शहरांतही अशा सभा नित्य भरत असतात. कोठे चर्चच्या आवारातील एखाद्या खोलीत, कोठे नगरपालिकेच्या शाळेत, कोठे एखाद्या रुग्णालयात दिवसाचे कामकाज आटोपल्यावर. आपण त्या खोलीवरून शेकडो वेळा गेला असाल आणि आत काय चालते याची आपणांस गंधवार्ताही लागली नसेल. ही मंडळी मिरवणुका काढीत नाहीत, व्यासपीठावर पुढारी बसवीत नाहीत, वर्गणीची पुस्तके घेऊन दारोदार फिरत नाहीत. त्यामुळे ज्याला त्यांची सर्वांत अधिक गरज असते, त्यालाच पुष्कळदा त्यांची माहिती सर्वांत शेवटी होते.

ही गरज केवढी मोठी आहे, हे एका सरकारी पाहणीतून दिसून आले आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशभर पाहणी करून तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी देशातील १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी सुमारे १६ कोटी लोक दारू घेत होते. ज्यांचे पिणे आजाराच्या किंवा हानीच्या थराला गेले होते, ज्यांना मदतीची आवश्यकता होती, अशांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या घरात होती. आणि दारूच्या पूर्ण आधीन झालेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळालेला होता. प्रस्तुत लेख उरलेल्या सदतीस जणांच्या घरांसाठी आहे. त्या घरांत पिणारा एकच असतो, परंतु आजारी सारेच असतात.

या सभांचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण त्यांच्या कार्यपद्धतीचे सारे रहस्य त्यांच्या जन्मकथेत आहे. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरदलाल अमेरिकेतील ॲक्रन या गावी एका व्यवहारासाठी आला होता. व्यवहार फिसकटला. दारूने रसातळाला गेलेल्या या माणसाने जेमतेम पाच महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. परक्या गावात, हॉटेलाच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा होता. एका टोकाला मद्यालय, तेथून हसण्याखिदळण्याचे आवाज येत आहेत. दुसऱ्या टोकाला दूरध्वनी. त्या क्षणी त्याच्या मनात आलेला विचार विलक्षण होता. आपल्याला आधार देणारा सज्जन शोधावा, असे त्याला वाटले नाही. आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधावा, त्याच्याशी बोलावे, म्हणजेच आपण आज तगून जाऊ, असे त्याला वाटले. त्याने गावातील धर्मोपदेशकांना दूरध्वनी करण्यास आरंभ केला आणि अखेर त्याची गाठ त्या गावातील डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी घालून देण्यात आली. डॉक्टरमजकूर स्वतःच दारूत बुडालेले होते. पंधरा मिनिटांवर थांबायचे नाही, असे ठरवून ते आले आणि कित्येक तास बोलत बसले.

डॉक्टरांना दारूचे दुष्परिणाम ठाऊक नव्हते असे नाही. यकृताचे काय होते, मेंदूचे काय होते, हे त्यांना त्या शेअरदलालाहून शतपटीने अधिक ठाऊक होते. परंतु ज्याने स्वतः ते भोगले आहे, असा माणूस त्यांच्याशी प्रथमच बोलत होता. येथेही गोष्ट सरळ मार्गाने गेली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या भेटीनंतर काही आठवड्यांतच डॉक्टर एका वैद्यकीय अधिवेशनाला गेले आणि पुन्हा भरपूर प्यायले. १९३५ च्या जूनच्या १० तारखेला त्यांनी शेवटचा घोट घेतला. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. निनावी मद्यपाश्यांचा संघ, असा त्या नावाचा अर्थ करता येईल. सभासद नुसते 'ए.ए.' म्हणतात. आज सुमारे १८० देशांत या सभा भरतात.

असा प्रयत्न पूर्वी झाला नव्हता असे नाही. १८४० मध्ये बाल्टिमोर शहरात सहा मद्यप्यांनी एकत्र येऊन शपथ घेतली होती आणि पाहता पाहता त्यांच्यामागे लाखो लोक आले होते. परंतु ती चळवळ राजकारणात, धार्मिक वादांत आणि भाषणबाजीत गुरफटली आणि थोड्याच वर्षांत नामशेष झाली. ए.ए.ने त्यापासून धडा घेतला. १९५० मध्ये या संघाने ज्या बारा परंपरा स्वीकारल्या, त्यांनुसार संघ कोणत्याही सार्वजनिक वादात पक्ष घेत नाही. दारूबंदी असावी की नसावी, यावरही तो मत देत नाही! बाहेरून देणगी घेत नाही, सभासदाचे नाव वृत्तपत्रात येऊ देत नाही. आपल्याकडील सार्वजनिक संस्थांचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना या संयमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

भारतात हे कार्य १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाले. या घटनेत एक गंमत आहे. त्या काळी मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्यान्वये दारूबंदी होती. कायद्याने दारू नाहीशी झालेल्या शहरात दारूतून सुटू पाहणाऱ्यांना एकत्र जमण्याची गरज भासावी, यावरून बाटली बंद करणे आणि तहान बंद करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी उघड होते. पुढे इतरांनीही हा मार्ग आपापल्या परीने रुंद केला. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी पतीच्या मद्यपाशामुळे झालेल्या मृत्यूनंतर १९८० मध्ये उपचारसंस्था उभी केली. मुंबईत १९८१ मध्ये फादर ज्यो परेरा यांनी 'कृपा' संस्थेत बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. ही सारी उपचारकेंद्रे आहेत, ए.ए.ची सभा हे उपचारकेंद्र नव्हे. तेथे डॉक्टर नसतो, खाट नसते, औषध नसते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे काय होते, हे सांगण्यासाठी मला एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे. माझ्या थोरल्या बंधूंच्या संमतीनेच ती सांगत आहे.

२००६ सालच्या श्रावणात आम्ही सर्वांनी मिळून दादांची दारू सोडवली. म्हणजे आमची तशी समजूत झाली. आईने त्यांना देवापुढे बसवले, तुळशीची माळ हाती देऊन शपथ घ्यावयास लावली, अंगारा लावला. वहिनींनी घरातील बाटल्या मोरीत रित्या केल्या. दादाही मनापासून रडले. त्या दिवसापर्यंत ते रोज सकाळपासून पीत होते, आणि कित्येक वर्षे पीत होते. त्याच रात्री त्यांचे हात थरथरू लागले, अंगाला घाम सुटला. आम्ही म्हटले, पश्चात्ताप झाला आहे. तिसऱ्या दिवशी ते चादरीवरून मुंग्या वेचू लागले. मुंग्या नव्हत्याच. मग दाराकडे पाहून, वारलेल्या वडिलांशी ते बोलू लागले. शेजारच्या एका काकूंनी बाहेरची बाधा असल्याचे निदान केले आणि जाणत्याला बोलावण्यात आमचा अर्धा दिवस गेला. गल्लीत एक निवृत्त परिचारिका राहत असत. त्यांनी दारातूनच विचारले, "यांची दारू कधी बंद केलीत?" आम्ही अभिमानाने सांगितले, परवा. त्या म्हणाल्या, "आधी रिक्षा आणा."

दादा सहा दिवस रुग्णालयात होते आणि त्यांतील दोन दिवस त्यांच्या जीवाची शाश्वती नव्हती. त्यानंतर डॉक्टरांनी जे समजावून सांगितले, ते प्रत्येक घराला ठाऊक असावयास हवे. वर्षानुवर्षे रोज मद्य मिळत आलेल्या शरीराचे मद्य एकाएकी तोडले, तर काही तासांतच कंप, घाम, धडधड सुरू होते; पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात; आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास आणि उन्माद यांची जी अवस्था येते, तिच्यावर वेळीच उपचार न झाल्यास ती प्राणघातक ठरू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली शामक औषधे हळूहळू कमी करीत आणि ब-१ जीवनसत्त्व देत हे दिवस बहुतेकांना सुखरूप पार करता येतात. तेव्हा ज्याला सकाळी उठताच घोट लागतो, किंवा ज्याला पूर्वी एकदा तरी असे झटके किंवा भास झाले आहेत, त्याने प्रथम डॉक्टर गाठावा आणि मग सभा. शपथ तर अगदी शेवटी आली तरी चालेल.

याच संदर्भात आणखी एका गोष्टीविषयी सावध करावेसे वाटते. 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर आणि वृत्तपत्रांत आपण पाहिल्या असतील. जेवणात गुपचूप कालवण्याची पुडी मिळते. त्या पुडीत काय असते, याची खात्री कोणी देत नाही. डिसल्फिराम नावाचे एक औषध या आजारात खरोखरच वापरले जाते. परंतु ते घेतलेल्या माणसाने वर दारू घेतली, तर रक्तदाब एकदम खाली येऊन जीवावर बेतू शकते. म्हणूनच जाणते डॉक्टर ते रोग्याच्या संमतीवाचून देत नाहीत. पतीला न सांगता त्याच्या भाजीत असे काही घालणारी गृहिणी त्याच्या भल्यासाठीच ते करीत असते, यात संशय नाही. तथापि तिने ते करू नये.

आता सभा शोधावी कशी? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे केंद्र सरकारच्या नशामुक्ती साहाय्यवाहिनीचा १४४४६ हा क्रमांक. तो निःशुल्क आहे. 'नशामुक्त भारत अभियान' २०२० च्या १५ ऑगस्टला सुरू झाले. त्या कामाशी जोडलेल्या या क्रमांकावर जवळचे उपचारकेंद्र विचारता येते. मन फारच खचले असेल, आत्महत्येसारखे विचार येत असतील, तर २०२२ पासून चालू असलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे आपल्या भाषेत बोलता येते. ए.ए.च्या भारतीय शाखेच्या संकेतस्थळावरही सभांची माहिती मिळते. याखेरीज आपल्या जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी केली, तर त्यांना गावातील सभेचा वार आणि वेळ बहुधा माहीत असते. मराठी भाषकांपैकी जे इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली अशा ठिकाणी स्थायिक आहेत, त्यांनी सभा कोणत्या भाषेत चालते हे आधी विचारून घ्यावे. हिंदी, इंग्रजी आणि प्रांताप्रांतांच्या भाषांत सभा चालतात. आणि मनातले बोलावयाचे तर ते ज्या भाषेत रडता येते, त्याच भाषेत बोलावे, हे बरे.

दूरध्वनी करताना आणखी एक विचारावे: सभा खुली आहे की बंद? बंद सभेत ज्याला स्वतःची दारू सोडण्याची इच्छा आहे, त्यालाच प्रवेश असतो. खुल्या सभेत नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर, कोणीही मागे बसून ऐकू शकतो. प्रथमच जाताना पत्नीला किंवा भावाला बरोबर न्यावयाचे असेल, तर खुली सभा निवडावी. एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल, तर तसे सांगावे. एखादा जुना सभासद आपणांस कोपऱ्यावर भेटून आत घेऊन जातो.

कारण खरी अडचण पत्ता मिळण्याची नसते. पत्ता मिळाल्यानंतर त्या दारापासून आतल्या बाकापर्यंतची जी दहा पावले असतात, ती खरी अडचण असते. दादा पहिल्या गुरुवारी स्कूटरवरून शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि ओळखीचे कोणी दिसेल या भीतीने परत आले. दुसऱ्या गुरुवारी ते फाटकापाशी पाऊण तास उभे राहिले. तेथून सरळ गुत्त्यावर गेले. गंमत अशी, की गुत्त्यावर ओळखीचे कोणी दिसेल, ही भीती त्यांना इतक्या वर्षांत कधी वाटली नव्हती! तिसऱ्या गुरुवारी आतून एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी कसलीच चौकशी केली नाही. "मी चार गुरुवार त्या पिंपळाखाली उभा होतो," एवढेच ते म्हणाले आणि चालू लागले. दादा त्यांच्यामागून आत गेले.

आत गेल्यावर काय होते? प्रथम, काय होत नाही ते सांगतो. आपले नाव नोंदवहीत लिहून घेतले जात नाही. प्रवेशशुल्क नसते. आपला व्यवसाय, पगार, जात, धर्म कोणी विचारीत नाही. किती पीत होता, असेही विचारीत नाहीत. सभासद होण्यास एकच पात्रता लागते, आणि ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. ती आहे की नाही, हेही ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. बोलण्याची सक्ती नसते. 'मी आज फक्त ऐकतो' असे म्हटले की पुरते. शेवटी एक पिशवी फिरते, तीत ज्याला शक्य असेल तो दहावीस रुपये टाकतो. खोलीचे भाडे, चहा आणि पुस्तिका यांचा खर्च त्यातूनच निघतो. नवख्याने काही टाकावे, अशी कोणाची अपेक्षा नसते.

सभा तास-दीड तास चालते. कोणी तरी बारा पायऱ्यांपैकी एखादी वाचून दाखवतो. मग एकेक जण उठून आपला अनुभव सांगतो. ज्याने हे अनुभव कधी ऐकले नाहीत, त्याला सुरुवातीस मोठे आश्चर्य वाटते. तेथे कोणी दारूला शिव्या देत नाही, कोणी यकृताची चित्रे दाखवीत नाही. मी ज्या खुल्या सभांना बसलो, त्यांतील एका सभेत एका कारागिराने मुलीच्या शाळेचे शुल्क कसे पिऊन टाकले, ते सांगितले. त्यात नवे काही नव्हते. परंतु नंतर तो म्हणाला, की घरी जाताना त्याने स्वतःच खिसा फाडून घेतला, पैसे पडले असे दाखवण्यासाठी; आणि बायकोने तो खिसा रात्री न बोलता शिवून ठेवला. सकाळी तो शिवलेला खिसा पाहून तो पुन्हा प्यायला गेला. खोलीतील निम्मी माणसे माना डोलावीत होती. प्रत्येकाच्या घरी असा एक खिसा होता. त्या क्षणी माझ्या शेजारी बसलेला नवखा तरुण, जो तासभर दाराकडे पाहत होता, तो प्रथमच बोलणाऱ्याकडे पाहू लागला. वर ॲक्रनच्या डॉक्टरांची जी गोष्ट सांगितली, ती अशी प्रत्येक सभेत नव्याने घडते. बोलणाऱ्याचा वाटा ऐकणाऱ्याहून कमी नसतो. आपली कथा दुसऱ्याच्या उपयोगी पडावी, यासाठी त्याला ती प्यायल्याशिवाय सांगावी लागते.

एकमेकांना मध्येच तोडावयाचे नाही, उपदेश करावयाचा नाही, ऐकलेले बाहेर नेावयाचे नाही, हे तेथील संकेत आहेत. (वर सांगितलेला अनुभव मी त्या माणसाला विचारूनच, खुणा बदलून दिला आहे.) जन्मभर पिणार नाही, असे वचन तेथे कोणी मागत नाही. आजचा दिवस प्यावयाचे नाही, एवढेच. उद्याचे उद्या. ज्या माणसाने शेकडो शपथा घेऊन मोडल्या आहेत, त्याला ही मुदत प्रथमच झेपण्यासारखी वाटते. शिवाय काही व्यावहारिक युक्त्या असतात. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळाव्यात, असे जुने सभासद सांगतात. संध्याकाळी सहा वाजता रिकाम्या पोटी कामावरून निघालेला माणूस या चारही जाळ्यांत एकदम सापडलेला असतो. खिशात दोन-तीन सभासदांचे दूरध्वनी क्रमांक ठेवावेत आणि पहिल्या घोटाच्या आधी त्यांतील एक फिरवावा. नंतर फिरवून उपयोग नसतो. पुढे पुढे नवखा एखाद्या जुन्या सभासदाला आपला मार्गदर्शक म्हणून निवडतो. त्याला तेथे 'स्पॉन्सर' म्हणतात. पैशाशी या शब्दाचा काही संबंध नाही.

पुष्कळ सुशिक्षितांना एक शंका असते. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, तेव्हा हा धर्मप्रसाराचा तर प्रकार नव्हे? सभा चर्चच्या खोलीत भरत असेल, तर ही शंका अधिकच बळावते. वस्तुस्थिती अशी, की जागा भाड्याने किंवा मेहेरबानीने मिळालेली असते, इतकेच. स्वतःहून मोठ्या अशा कोणत्या तरी शक्तीचा आधार घ्यावा, असे पायऱ्या सांगतात; ती शक्ती कोणती, हे प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवावयाचे असते. कोणाला ती विठोबात दिसते, कोणाला अल्लात, आणि देव न मानणारे कित्येक जण त्या खोलीत जमलेल्या माणसांनाच ती शक्ती मानतात. तरीही ज्यांना ही भाषा रुचत नाही, त्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. रुग्णालयांत आणि व्यसनमुक्ती केंद्रांत पाठपुराव्याचे गट चालतात, तेथे जावे.

दुसरी शंका परिणामाची. २०२० मध्ये कॉक्रेन या संशोधन-परीक्षण संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रोगी यांच्या आधारे निष्कर्ष काढला, की ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारपद्धतीत वर्षअखेर पूर्णपणे मद्यमुक्त राहिलेले शंभरात सुमारे ४२ होते. इतर मान्य उपचारांत हे प्रमाण सुमारे ३५ होते. हे अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील आहेत, हे खरे. आणि ४२ म्हणजे शंभर नव्हेत, हेही खरे. परंतु ज्याला फुकट आणि आयुष्यभर जाता येते, अशा ठिकाणाविषयी हे थोडे म्हणता येणार नाही.

स्त्रियांची अडचण निराळी आहे. पिणाऱ्या पुरुषाला समाज दुर्दैवी म्हणतो, पिणाऱ्या स्त्रीला मात्र तो वाईट म्हणतो. वर सांगितलेल्या वर्गात कोपऱ्यात बसलेल्या बाई तीन गावे ओलांडून येत असत, आपल्या गावी कोणाला कळू नये म्हणून. काही मोठ्या शहरांत केवळ स्त्रियांच्या सभा भरतात. दूरध्वनी करताना त्यांची चौकशी अवश्य करावी.

आणि पिणारा जावयास तयारच नसेल तर? वाचकहो, हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी आहे, आणि त्याला उत्तर आहे: आपण जा. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये मद्यपाश्यांच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' हा संघ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. त्याच्या सभा भारतातही भरतात. पुण्याच्या मुक्तांगणात पत्नींचा 'सहचरी' हा गट आहे. आमच्याकडेही प्रथम गेल्या त्या वहिनी. दादा गेले ते आठ महिन्यांनी. त्या आठ महिन्यांत वहिनी दादांना समजावण्यास गेल्या नाहीत. त्यांनी काही गोष्टी करावयाचे सोडून दिले. सकाळी कार्यालयात दूरध्वनी करून 'यांना ताप आहे' असे सांगणे त्यांनी बंद केले. गुत्तेवाल्याची उधारी स्वतःच्या शिलाईच्या पैशांतून फेडणे बंद केले. रात्री दोन वाजेपर्यंत खिडकीत उभे राहणे बंद केले. मुलांना जेवू घालून त्या निजू लागल्या. आईला हे निष्ठुरपणाचे वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले. एका सकाळी दादांना स्वतःच दूरध्वनी करून साहेबांना खोटे सांगावे लागले. त्यांची जीभ वळेना. दूरध्वनी ठेवून ते बराच वेळ तसेच बसून राहिले आणि मग त्यांनी वहिनींना विचारले, "तू गुरुवारी जातेस, तिथे पुरुषांचेही काही असते का?"

यापुढची कथा सरळ नाही. दादा त्यानंतर दोनदा घसरले. एकदा भाचीच्या लग्नात, एकदा काहीही कारण नसताना. पहिल्या वेळी त्यांनी सभेस तोंड दाखवले नाही, आणि ते पिणे चार महिने चालले. दुसऱ्या वेळी मात्र ते तिसऱ्याच दिवशी, तोंडाला वास येत असताना, मागच्या बाकावर जाऊन बसले. कोणी त्यांना बाहेर काढले नाही. चहा देणाऱ्याने त्यांच्या पुढ्यात एक पेला अधिक ठेवला. ही गोष्ट २०११ च्या दिवाळीनंतरची. त्यानंतर दादांनी दारू घेतलेली नाही. असे म्हटलेले त्यांना खपत नाही, म्हणून त्यांच्या शब्दांत लिहितो: आज घेतलेली नाही.

अजूनही गुरुवारी ते साडेपाचलाच घरून निघतात. बाके जुळवतात, चहाची किटली भरून आणतात. फळ्यावरचे गुणाकार मात्र ते कोणाला पुसू देत नाहीत, कारण सकाळी बाईंना तेथूनच पुढे शिकवायचे असते. सव्वासहा वाजले, की दोन पेले हातात घेऊन ते फाटकापर्यंत एक फेरी मारून येतात. पुष्कळदा तेथे कोणी नसते, आणि मग दोन्ही चहा त्यांनाच प्यावे लागतात.